लॅपटॉपची नमुना स्वाक्षरी

मराठीत 'म'शिवाय कादंबरी लिहिता येते का? मी तीन आठवडे प्रयत्न करून पाहिला. येत नाही. निवेदकच 'मी' असला तर मुळीच येत नाही. झालं असं, की २०१६ साली घेतलेल्या माझ्या लॅपटॉपवरची इंग्रजी 'सी'ची कळ रुसली. इन्स्क्रिप्टच्या कळफलकात 'म' तिथंच बसतो. चारदा दाबावा तेव्हा एकदा उमटायचा, आणि उमटला की एकदम चार उमटायचे. 'ममममी' असं सुरू होणारं पान सौ.ने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "नायक तोतरा आहे का तुमचा?" नुसता कळफलक बदलून घ्यावा, तर पडद्याची बिजागरीही एका बाजूनं उचकटलेली. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, आता नवीन बघा."

नवीन बघायला माझी ना नव्हती. पण मला लॅपटॉप हवा होता तो लिनक्सवर नीट चालणारा. आणि झगमगीत दुकानात जाऊन 'लिनक्सवर चालेल असा दाखवा' म्हणणं म्हणजे उडप्याच्या हॉटेलात पिठलं-भाकरी मागणं.

लिनक्सच का, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं म्हातारपणीचं खूळ वाटेल. (सौ.चं मत अजूनही तेच आहे.) मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० या प्रणालीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ देऊ केली. पण मुदतवाढ म्हणजे काय, ते बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कर्ज तसंच राहतं, तारीख तेवढी पुढे जाते. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझा सहाव्या पिढीचा. यंत्र त्या वेळी धडधाकट होतं, तरी सक्तीची निवृत्ती. देखभाल नसलेल्या संगणकावरून नेट बँकिंग करू नका, असं मी ग्राहकांना नोकरीभर सांगत आलो. स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याला वेगळा न्याय कसा लावणार?

माझी भाची पुण्यात संगणकक्षेत्रात आहे. त्या दिवाळीत ती आली आणि आत चकलीचे चार घाणे उतरेपर्यंत तिनं माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवून दिलं. माझ्या वयाच्या बहुतेकांना लिनक्स म्हटलं की काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी पांढरी अक्षरं आठवतात. प्रत्यक्षात मिंट दिसायला विंडोजच्या चुलत भावासारखं आहे. शिवाय काळ्या पडद्याचं मला भय नव्हतंच. रंगराजन समितीच्या १९८४ सालच्या अहवालानंतर शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, पुढे नव्वदच्या दशकात सबंध शाखाच संगणकावर गेल्या, तेव्हा अनेक ठिकाणी आत युनिक्स असे. आमच्या शाखेतही होतं. सकाळी पडद्यावर 'लॉगिन' एवढा एकच शब्द वाट पाहत उभा असायचा. त्या युनिक्सच्या धर्तीवर हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली स्वतःपुरता प्रणालीचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली साधनं त्याला जोडली गेली, आणि सर्वांना मोकळं असलेलं लिनक्स उभं राहिलं. उबुंटू ही त्याची एक आवृत्ती. ती काढणाऱ्यांनी २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला टपालानं सीडी पाठवल्या, टपालखर्चसुद्धा न घेता. मुलानं मागवलेलं एक पाकीट आमच्याही घरी आलं होतं. फुकट काही येत नसतं, या बँकेतल्या अनुभवावर विसंबून मी ती सीडी कधी लावून पाहिली नाही.

तर नवा लॅपटॉप. जुन्या यंत्रावर मिंट इतकं सुरळीत चाललं की नव्यावर चालेलच, असं मी धरून चाललो आणि भाचीला न विचारता एका मोठ्या दुकानातून अठ्ठावन्न हजारांचा लॅपटॉप उचलून आणला. विक्रेत्या मुलानं प्रोसेसर सांगितला, रॅम सांगितली, साठवण सांगितली, पडद्याचे रंग सांगितले. मी सगळं वहीत टिपून घेतलं. घरी येऊन ड्रॉवरमधला एक जुना पेनड्राइव्ह लावून उबुंटू सुरू केलं. पडदा उजळला. वायफाय नाही. म्हणजे मंद नाही की अडखळत नाही. यंत्राच्या मते त्याच्यात वायफाय नावाची वस्तूच नव्हती. आवाजही नव्हता. रात्री झाकण मिटून ठेवला, तर सकाळी बॅटरी अर्ध्यावर आलेली. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "विंडोजवर सगळं चालतंय ना? मग मालात दोष नाही. आणि खोकं उघडलंत, आता परत नाही घेता येणार." राग आला खरा, पण तो खोटं बोलत नव्हता. मालात खरोखरच दोष नव्हता.

भाचीला फोन लावला. पलीकडे बराच वेळ हसणं चाललं होतं. मग म्हणाली, "मामा, तुम्ही कर्ज देताना माणसाचे कपडे बघून द्यायचात का?"

तिनं पुढं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. लॅपटॉप ही बाहेरून एक वस्तू दिसते; आतून ती चाळ असते. वायफायचं बिऱ्हाड एका कंपनीचं, आवाजाचं दुसऱ्या, कॅमेऱ्याचं तिसऱ्या, आणि दारावरची पाटी चौथ्याच कंपनीची. यातल्या बहुतेक भागांना दोन क्रमांक असतात: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या भागाचा. यंत्र सुरू झालं की लिनक्सचा गाभा ते क्रमांक आपल्या नोंदींशी ताडून पाहतो. नोंद सापडली तर त्या भागाशी कसं बोलायचं हे जाणणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, पुढे येतो आणि काम सुरू होतं. आम्ही काउंटरवर आलेल्या चेकची सही नमुना स्वाक्षरीच्या कार्डाशी ताडायचो, अगदी तसं. कार्डच नसेल तर खातेदार कितीही श्रीमंत असो, पैसे देता येत नाहीत.

विंडोजसाठी ही कार्डं जमवण्याचं काम लॅपटॉपची कंपनीच करते, कारण त्यावाचून तिचा माल खपणार नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच येतात. काही इंटेल, एएमडी अशा कंपन्यांचे पगारी इंजिनीअर लिहितात. काही जगभरातले स्वयंसेवक, कंपनीनं माहितीचा कागदही दिलेला नसताना, खटपट करून लिहितात. साहजिकच भाग बाजारात आज येतो आणि त्याचं कार्ड कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानं लागतं. माझ्या लॅपटॉपचं वायफाय नवंकोरं होतं आणि पेनड्राइव्हवरचं उबुंटू तीन-चार वर्षांपूर्वीचं. जुन्या लॅपटॉपवर ताजी आवृत्ती उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा तयार केला, तेव्हा वायफाय आलं, आवाजही आला. झोपेचं दुखणं मात्र गेलं नाही. तो लॅपटॉप आता मुलाकडे विंडोजवर सुखानं नांदतो आहे आणि 'बाबांनी भेट दिला' असं तो लोकांना सांगतो. मी ते दुरुस्त करायला गेलो नाही.

या अठ्ठावन्न हजारांच्या शिकवणीतून जे हाती आलं ते असं. भाजी ताजी घ्यावी, लिनक्ससाठी लॅपटॉप मात्र निदान वर्षभर मुरलेला घ्यावा. आणि नवाच घ्यायचा असेल तर लिनक्सची आवृत्ती अगदी ताजी घ्यावी. प्रोसेसर आणि रॅम यांची चिंता सगळ्यात कमी. इंटेल असो की एएमडी, दोन्ही चालतात. लिहिणं, वाचणं, इंटरनेट यांना आठ जीबी रॅम पुरते, सोळा असली तर चैन.

चौकशी करायची ती वायफायची. इंटेलचं कार्ड असेल तर निर्धास्त असावं. मीडियाटेक आणि रिअलटेक यांची अलीकडची कार्डं नव्या गाभ्यावर बरी चालतात, जुन्यावर अडतात. ब्रॉडकॉमचं असेल तर वेगळा ड्रायव्हर शोधून घालण्याची तयारी ठेवावी. गोम अशी, की खोक्यावर 'वायफाय ६' एवढंच छापलेलं असतं. म्हणजे अर्जावर अर्जदाराचं नाव न लिहिता त्याची उंची लिहिण्यातला प्रकार. त्याहून मोठी गोम म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत दोन निराळ्या कंपन्यांची कार्डं निघू शकतात. तेव्हा मॉडेलची ख्याती कितीही ऐकलेली असो, हातातलं यंत्र तपासावं. कार्ड सुटं असेल तर बदलून घेता येतं. इंटेलचं एएक्स २१० हे कार्ड इंटेलच्या आणि एएमडीच्या अशा दोन्ही यंत्रांत चालतं. हल्लीच्या बऱ्याच सडपातळ लॅपटॉपांत मात्र ते पाटीला सोल्डर केलेलं असतं. तिथं जन्माची गाठ. अगदीच अडलं तर फोन केबलनं लॅपटॉपला जोडावा आणि फोनचं इंटरनेट घ्यावं. घरच्या घरी निभाव लागतो.

मग झोप. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप गाढ झोपायचा. मेमरीपुरती वीज चालू, बाकी सगळे दिवे मालवलेले. संगणकवाले या अवस्थेला एस ३ म्हणतात. गेल्या काही वर्षांत पुष्कळ लॅपटॉपांतून ती काढून टाकली गेली आणि फोनसारखी सावध झोप आली. मायक्रोसॉफ्टनं तिला मॉडर्न स्टँडबाय असं नाव दिलं. इथं प्रत्येक भागानं आपापलं शहाण्यासारखं निजायचं असतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ठाऊक आहे, एक जण जागा राहिला की कुणालाच झोप लागत नाही. लॅपटॉप पिशवीतल्या पिशवीत तापतो आणि गाडीत बसून उघडावा तर बॅटरी संपलेली. काही यंत्रांत बायोसमध्ये, म्हणजे सुरू होता होता एक विशिष्ट कळ दाबली की दिसणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर, जुनी झोप निवडायची सोय असते. काही थिंकपॅडमध्ये तर त्या पर्यायाचं नावच 'लिनक्स' असं होतं.

बाकीचं थोडक्यात. कॅमेरा आतून यूएसबीनं जोडलेला असला तर सहसा प्रश्न येत नाही. इंटेलच्या काही महागड्या लॅपटॉपांत वेगळ्या पद्धतीनं जोडलेले कॅमेरे आले, त्यांनी लिनक्सवाल्यांना पुष्कळ रडवलं. एनव्हिडियाचं निराळं ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी, चित्रफितींच्या संकलनासाठी घेतात. कादंबरीला त्याची गरज नाही. या कंपनीवर खुद्द टोरवाल्ड्स २०१२ साली फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात इतके चिडले, की त्यांनी व्यासपीठावरून केलेला हातवारा रविवारच्या पुरवणीत वर्णन करण्याजोगा नाही. कंपनीनं २०२२ मध्ये ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडला जाणारा भाग खुला केला आणि परिस्थिती बरीच सुधारली. तरी गरज नसेल तर इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स बरं, बॅटरी जास्त टिकते. ॲपलच्या एम १ आणि एम २ यंत्रांवर असाही लिनक्स या प्रकल्पानं थक्क करणारं काम केलं आहे, पण तो हौसेचा मामला. २०२४ पासून आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्सवाल्या लॅपटॉपांना लिनक्ससाठी आमच्यासारख्यांनी दुरूनच नमस्कार करावा. आणि साठीनंतरचा एक मुद्दा: फार दाट ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ती दुप्पट केली तर छान दिसतात, दीडपट केली तर काही जुन्या प्रोग्रॅममध्ये धूसर होतात. चौदा इंची पडद्याला १९२० गुणिले १२०० ठिपके पुरेत.

खात्रीचा माल कुठं मिळतो? उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल स्वतः तपासलेल्या यंत्रांची यादी प्रसिद्ध करते. डेलनं २०१२ च्या अखेरीस एक्सपीएस १३ हा लॅपटॉप उबुंटूसह विकायला काढला. लेनोवोनं २०२० मध्ये थिंकपॅडची काही मॉडेल लिनक्ससाठी प्रमाणित करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतली सिस्टम ७६ आणि जर्मनीतली टक्सेडो या कंपन्या तर खास लिनक्ससाठीच लॅपटॉप बनवतात, पण तिकडून मागवायचे म्हणजे कस्टम, वाहतूक, आणि बिघडलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं? आपल्याकडे 'डॉस' घातलेले स्वस्त लॅपटॉप विकले जातात. 'उबुंटूसह' असं लिहिलेलं असेल तर ती चांगली खूण. 'डॉस' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ विंडोजचे पैसे धरलेले नाहीत, एवढाच.

माझं मत विचाराल तर कचेऱ्यांसाठी बनवलेला, दोन-चार वर्षं वापरून कंपनीनं परत केलेला लॅपटॉप आमच्यासारख्यांना सर्वांत सोयीचा. कंपन्या असे लॅपटॉप ठोकानं घेतात, त्यांचे भाग लवकर बदलत नाहीत, कळफलक आणि बॅटरी बदलता येतात. आणि लिनक्स लिहिणारे इंजिनीअर स्वतः बऱ्याचदा तसलेच वापरतात, त्यामुळे दोष त्यांनाच आधी छळतात. ते आपल्या हाती येईतो सगळी कार्डं रजिस्टरात लागलेली असतात.

"मामा, पेनड्राइव्ह खिशात घालून जा, पाकीट मागाहून काढा," भाचीनं बजावलं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, सर्वांच्या जिभेवर लॅमिंग्टन रोड. दुकान दहा बाय बाराचं, भिंतीला विटांसारखे रचलेले काळे लॅपटॉप. मालक पोरसवदा. मी पेनड्राइव्ह पुढे केला तेव्हा त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लिनक्स? अंकल, हॅकर हो क्या?" मी म्हटलं, "नाही, पेन्शनर." पण स्टूल दिलं, चहा मागवला.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं की यंत्रातल्या डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं. दुकानदाराला हे एकदा सांगावं, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. वायफायला फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहिला. गाणं लावलं, मग इअरफोन लावून. माइकमध्ये दोन वाक्यं बोलून परत ऐकली. कॅमेरा उघडला, स्वतःला पाहून घेतलं. उजेडाच्या आणि आवाजाच्या कळा दाबल्या. झाकण मिटून चहा संपवला आणि पुन्हा उघडलं. ही शेवटची परीक्षा कुणी चुकवू नये, आणि उघडल्यावर वायफाय परत जोडलं जातं का तेही बघावं. बॅटरी मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे तेही कळतं. मग काळ्या पडद्यावर 'एलएसपीसीआय' हा एकच हुकूम दिला, की चाळीतल्या बिऱ्हाडांची नावनिशीवार यादी येते. तिचा फोटो काढून पुण्याला पाठवला.

पहिल्या लॅपटॉपात सगळं ठीक, पण बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड. मालक म्हणाला, त्यानं काही बिघडत नाही. मी म्हटलं, तिजोरीची किल्ली आधीच्या मॅनेजरकडे ठेवून चार्ज घेत नसतात. दुसरा झोपला तो उठलाच नाही. तिसऱ्यानं सगळे पेपर सोडवले: दहाव्या पिढीचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, इंटेलचं वायफाय. 'सी'ची कळ मी वीस वेळा दाबून पाहिली, तेव्हा मालकाला माझ्या डोक्याची शंका आली असावी. सव्वीस हजारांत व्यवहार झाला, पावती आणि तीन महिन्यांची हमी लिहून घेऊन.

घरच्या लॅपटॉपवरून विंडोज काढायच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. सगळ्या फाइलींची प्रत बाहेर काढावी, हे तर आलंच. आणि विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घालायचं असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. नंतर विंडोज ती मागतं आणि नसली तर आपल्याच कपाटाबाहेर आपण. इंटेलच्या काही लॅपटॉपांत लिनक्सला डिस्क दिसतच नाही. तेव्हा घाबरू नये, बायोसमध्ये डिस्कची पद्धत आरएसटीवरून एएचसीआयवर न्यावी लागते. मात्र विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर हे जाणत्याकडूनच करून घ्यावं, नाहीतर तेच सुरू होत नाही.

मराठीची काळजी मला सर्वांत जास्त होती, आणि तीच फुकट गेली. इन्स्क्रिप्टची मांडणी १९९१ सालच्या भारतीय मानकात ठरलेली आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की बोटं जुन्याच जागी पडतात. पंचाईत झाली ती माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्यांची. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा. यात लिनक्सचा दोष नाही, नव्या विंडोजवरही तेच झालं असतं. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांनी नव्वद टक्के काम होतं. जोडाक्षरं आणि रफार हातानं दुरुस्त करतो आहे. एक कादंबरी झाली, दुसरी सातव्या प्रकरणावर आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं आपलं लेखन इतक्या सावकाश वाचावं लागणं, ही शिक्षा आहे की बक्षीस, ते अजून ठरत नाही.

सर्वांनी लिनक्सकडे यावं असं मी म्हणणार नाही. ज्याचं पोट टॅलीवर किंवा विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर आहे, त्यानं विंडोजवरच राहावं. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी ते आधी लावून पाहावं, प्रिंटरचंही तसंच.

माझ्या लॅपटॉपात एक उणीव राहिली आहे. कळफलकाशेजारी बोटाचा ठसा घेणारा छोटा चौकोन आहे, पण त्याचं कार्ड लिनक्सच्या रजिस्टरात लागलेलं नाही. भाचीनं दोन संध्याकाळी खटपट केली आणि नाद सोडला. त्यामुळे रोज पहाटे लिहायला बसताना पासवर्ड टाइप करावा लागतो. आमच्या शाखेत ज्याला सही येत नसे त्याचा अंगठा घ्यायचे. इथं अंगठा चालत नाही, म्हणून सही.